टोपणनावाची नुकसानभरपाई

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोन केला, नेहमीसारखी भिंगरी म्हणून हाक मारली, तर तू मला चोर म्हणालीस, वर मेल्या म्हणालीस आणि फोन आपटलास. तेव्हापासून उचलत नाहीस. म्हणून हे पत्र.

इथे ठीक. पुस्तकबांधणीचं दुकान बंद केल्यापासून शाळेतल्या जुन्या वाचनपुस्तकांना हौसेनं पुठ्ठे बांधतो. बांधता बांधता कविता वाचत बसतो आणि वाटीतली खळ वाळून जाते.

माझी ठेव आहे त्या फायनान्स कंपनीचं पत्र आलंय. चार महिन्यांपूर्वी ग्राहकांची माहिती ‘बाहेर गेली’ म्हणे. जणू चपला घालून फिरायलाच गेली! दिलगिरी म्हणून वर्षभराचं ‘सुरक्षा कवच’ फुकट, शिवाय एक छत्री. एका कागदावर सही तेवढी द्यायची. माणसं सभ्य दिसतात, देऊन टाकावी म्हणतो. तू का चिडलीस ते कळव.

लोभ निदान फोन उचलण्याइतका तरी असावा.
तुझा धाकटा


९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक टपली.

सही केलीस तर याद राख! तुझ्या फोनच्या आदल्या दिवशी मला एका माणसाचा फोन आला. भिंगरी म्हणाला. अरे, आई गेल्यापासून तुझ्याशिवाय त्या नावानं हाक मारणारं उरलंय कोण? खोकत खोकत सांगत होता, की तो तूच, इस्पितळात पडलायस, ताबडतोब पैसे पाठव. मी बँकेचं कार्ड शोधायला उठलेसुद्धा. तेवढ्यात तो लाडात आला आणि भिंगरीताई म्हणाला. तिथंच फसला मेला! तू गोडीत असलास की ताई म्हणतोस, चिडवायचं असलं की भिंगरी. दोन्ही एका दमात म्हणायची तुझी जन्मात छाती झाली नाही. मी उभी हयात वॉर्डात नर्स म्हणून काढली, सोंगं ओळखते. असा झाडला की त्याचा खोकलाच बरा झाला.

पण खरं सांगू? दुसऱ्या दिवशी तू तीच हाक मारलीस आणि माझे हात कापायला लागले. आता ते नाव ऐकलं की आधी तो आठवतो, मग तू.

त्याला ते मिळालं कुठून? आठव, त्या कंपनीच्या अर्जावर काय काय लिहून आलास.

आशीर्वाद माझे आहेतच, अक्कल तुझी तू वाढव.
ताई


१७ मार्च

ती. ताईस,
सा. न.; आजची वि. वि. खरोखरच विशेष.

आठवलं. खातं उघडताना एक गुप्त प्रश्न होता: बालपणीच्या आवडत्या माणसाचं टोपणनाव. मी खुर्चीत बसल्या बसल्या आपल्या अंगणात पोचलो. तू फ्रॉकचा घेर धरून गरगर फिरतेयस, मी टाळ्या पिटतोय. लिहून मोकळा झालो. वारस म्हणून खाली तुझा फोन नंबरही दिला.

काल कंपनीत गेलो. काचेची केबिन, प्लास्टिकचं झाड, पानांवर धूळ. त्या खोलीत अस्सल काय ती धूळच. साहेब मला आजोबा म्हणाले. तुमचा पैसा एकही गेला नाही, मग तक्रार कसली, म्हणाले. मी सांगितलं, बहिणीचं नाव गेलं. ते हसले. चार महिने का कळवलं नाहीत विचारलं, तर अंतर्गत चौकशी चालू होती म्हणे! म्हणजे चोराला आमची कुंडली तोंडपाठ आणि आम्हालाच पत्ता नाही.

मग कवचाचा अर्ज पुढे सरकवला. त्यात काय विचारलं असेल? टोपणनाव! आणि तळाशी मुंग्यांएवढ्या अक्षरांत, की कवच घेतल्यावर कुठेही तक्रार करणार नाही. शाळेत कविता पाठ नसलेल्या पोराचेसुद्धा थाप मारताना कान लाल व्हायचे. यांचे कान कोरडे ठणठणीत. अर्ज कोराच परत केला आणि छत्री त्यांच्या झाडाला अडकवून आलो.

तिथून थेट ग्राहक मंच. वकील लागला नाही, तक्रार साध्या कागदावर घेतली. पण तिथले कारकून म्हणाले, कंपनी नुकसान दाखवा म्हणणार, तेव्हा ज्यांना फोन आला त्यांनीच येऊन सांगावं. चारचौघांत, परक्यांच्या तोंडी तुझं ते नाव... मला नको वाटतं. तू म्हणशील तर तक्रार मागे घेतो आणि तुला नवं नाव ठेवतो. एका जुन्या कवितेतलं मनात आहे.

राग नसावा, असलाच तर कंपनीसाठी राखून ठेवावा.
तुझा धाकटा


२२ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. टपली भेटीत.

नवं नाव ठेवायला मी काय मांजर आहे? कवितेतलं नाव कवितेत राहू दे. तक्रार मागे घेतलीस, तर त्या केबिनमधल्याला हवं तेच होईल. असल्या माणसांवर राग खर्च करू नये. त्यांच्याकडे मी वॉर्डातल्या बेडपॅनकडे बघायची तशी बघणार आहे: नाक दाबून, पण उचलून रिकामं केल्याशिवाय हलायचं नाही.

गुडघे कुरकुरतायत, तरी सुनावणीच्या तारखेला येते. नाव कुणी घेतलं, कसं घेतलं, सगळं सांगते. मग ते विचारतील, नुकसान काय झालं. तेव्हा तू ऊठ आणि सगळ्यांदेखत मला भिंगरी म्हणून हाक मार. हात कापले, तर नुकसान त्यांना डोळ्यांनी दिसेल. आणि नाही कापले तर मी ओ देईन. मग कंपनीनं काय द्यायचं ते देवो, माझं मला मिळालेलं असेल.

तोवर फोन करत जा. उचलते.
तुझी, तूर्त ताईच