गालावरचा तीळ रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. ठाणेदार साहेब,
पोलीस ठाणे, मोरझरी,
जि. अकोला.

अर्जदार : नियाज अहमद शेख उस्मान, सेवानिवृत्त चित्रकला शिक्षक, वय ६७, रा. मोरझरी.

विषय : बेपत्ता इसम देवमन नत्थुजी गिऱ्हे यांच्या वर्णनातील ‘उजव्या गालावर तीळ’ ही नोंद रद्द होऊन मुलीचे मूळ चित्र परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या ठाण्यातील बेपत्ता नोंद, दि. २० नोव्हेंबर २००६.

महोदय,

१. अर्जदार दर रविवारी शाळेच्या संगणक खोलीत मुलांना शिकवतो. मुले कागदावर पेन्सिलीने चित्र काढतात, ते स्कॅनरच्या काचेवर ठेवतात आणि पडद्यावर आल्यावर त्यात रंग व सावली भरतात. रेषांचा थर सर्वांत वर, रंगाचा खाली, सावलीचा मध्ये. प्रकाश नेहमी डावीकडून घ्यावा, असे अर्जदाराने मुलांना शिकवलेले आहे.

२. देवमन गिऱ्हे हे फुलबागवाले. विहीर तळाला गेली, शेवंती उभी वाळली, म्हणून चिखलदऱ्याला कॉफीच्या बागेत काम पाहतो असे सांगून ते १२ नोव्हेंबरला घरून निघाले ते परतले नाहीत. आपल्या ठाण्याने त्यांच्या पत्नी माणिकबाई यांचेकडे ‘मूळ फोटो व त्याची छायांकित प्रत’ मागितली. घरी फोटो नव्हता. मतदार ओळखपत्रावरचा फोटो असा काळा उमटला आहे की त्यात माणूस आहे की मडके, हे सांगता येत नाही. सबब मुलगी शालू, वय १०, हिने वडिलांचे चित्र आठवून काढले. ते चित्र हुबेहूब होते, हे अर्जदार जबाबदारीने लिहितो.

३. येथे अर्जदाराची पहिली चूक झाली. ‘छायांकित प्रत’ म्हणजे झेरॉक्स, हे कचेरीत जाणारा कोणीही सांगेल. परंतु अर्जदाराचा जन्म चित्रकलेत गेला. त्याने छायांकित म्हणजे सावली भरलेली, असा अर्थ घेतला आणि काम वर्गातील सर्वांत तयार हाताच्या उज्माकडे दिले.

४. दुसरी चूक अधिक मोठी आहे. पडद्यावर चित्र आले तेव्हा उजव्या गालावर एक ठिपका दिसला. उज्माने विचारले, “सर, हा मिटवू का?” मुलाने काढलेले शिक्षकाने खोडू नये, हा नियम अर्जदाराने एकतीस वर्षे पाळला आहे. त्याच बळावर तो म्हणाला, “राहू दे. शालूनं काढला असेल तर तिला माहीत.” उज्मा गुणी मुलगी. तिने त्या ठिपक्याला उजेडाची कड दिली, खाली बारीक सावली दिली. तीळ गालावर उठून आला. शालू शेजारीच उभी होती. पुढे विचारले असता म्हणाली, “मशीनले दिसला असन सर, मले नसन दिसला.”

५. शालूचा मूळ कागद दप्तरी गेला, रंगीत चित्र आपल्या ठाण्याने फोटो म्हणून स्वीकारले, भिंतीवर लागले, आणि वर्णनात तीळ आला. त्यानंतर देवमन दिसू लागले. बार्शीटाकळीच्या बाजारात दिसले. अकोल्याचे ऑटोचालक तौहीद यांना स्टँडवर दिसले. एका कंडक्टरने त्यांना रिकाम्या सीटवर पाहिले, तिकीट फाडेपर्यंत सीट पुन्हा रिकामी होती. प्रत्येकाने तीळ सांगितला. प्रत्येकाने हेही सांगितले की चेहऱ्याची एक बाजू अंधारात होती. तौहीद यांनी पाहिले ती वेळ भर दुपारची होती.

६. सत्य लपवू नये म्हणून अर्जदार नमूद करतो की, गेल्या महिन्यात अकोला स्टँडवर त्यानेही त्यांना पाहिले. ऊन समोरून होते. प्रकाश चेहऱ्यावर डावीकडून होता. अर्जदाराने हाक मारली नाही. कोणत्या नावाने मारावी, हे समजले नाही.

७. दि. ४ जून रोजी अर्जदार चौकशीसाठी ठाण्यात आला असता लेखनिक मुन्शीजींनी सहज एक जुना बिनतारी संदेश वाचून दाखवला. २१ नोव्हेंबरला चिखलदऱ्याच्या घाटाखाली एका पुरुषाचे प्रेत मिळाले होते. निळा चौकड्यांचा सदरा, गळ्यात तुळशीची माळ, उजव्या अंगठ्यावर विळ्याचा जुना व्रण. खाली आपल्या ठाण्याचा शेरा : ‘गालावर तीळ नाही, सबब जुळत नाही.’ प्रेत बेवारस म्हणून पुरण्यात आले. व्रणाचे माणिकबाईंना कोणी विचारले नाही. अर्जदाराने विचारले. त्यांनी स्वतःचा अंगठा मुठीत धरला. तिळाबद्दल म्हणाल्या, “मले मालूम होतं, त्याहिले तीळ नव्हता. पण कागदावर साहेबाचा शिक्का होता गुरुजी. शिक्क्याले मी कशी खोटं म्हनू?”

८. त्याच दिवशी अर्जदाराने वर्गातील अफसानाने काढलेली शेळी स्कॅन केली. शेळीच्या पोटावर तीळ आला. मग कोरा कागद ठेवला. कोऱ्या कागदालाही तीळ आला. काचेवर वाळलेल्या डिंकाचा एक थेंब आहे. पंचनाम्यासाठी अर्जदाराने काच अद्याप पुसलेली नाही, व खोलीला कुलूप लावले आहे. वर्ग बंद आहे.

९. सबब विनंती की,
(अ) वर्णनातील तीळ रद्द करावा व भिंतीवरील चित्र उतरवावे;
(आ) त्या प्रेताचे कपडे व माळ राखून ठेवली असल्यास माणिकबाईंना दाखवावी. त्या आजही दाराची कडी लावत नाहीत;
(इ) शालूचे पेन्सिलीचे मूळ चित्र परत द्यावे. आपण कळवले की मूळ कागद नियमाने दप्तरी राहतो व छायांकित प्रत मिळेल. अर्जदार हात जोडून सांगतो, छायांकित प्रत नको.

१०. तातडीचे कारण असे की, परवा शालूने वडिलांचे चित्र पुन्हा काढले. कागद काचेवर ठेवलेला नाही, मशीन बंद आहे. तरी गालावर तीळ होता. पेन्सिलीने, नीट गोल काढलेला. अर्जदाराने रबर हाती घेतले आणि खाली ठेवले. तीळ नसलेले देवमन आता फक्त आपल्या दप्तरात उरले आहेत.

आपला नम्र, व या चुकीस एकटाच जबाबदार,
(सही)
नियाज अहमद शेख उस्मान
मोरझरी, दि. ११ जून २००७

सोबत :
१. अफसानाची शेळी, एक प्रत.
२. कोरा कागद, एक प्रत. कृपया उजव्या बाजूस पाहावे.