प्लस शहाण्णव

२१ एप्रिल, सोमवार

आणि वर मलाच सांगतो – "दादा, मी काय केलं नाय." काय केलं नाही तर कार्ड आपोआप जळलं का? ग्राफिक कार्ड म्हणजे उदबत्ती आहे का, लावली की आपली आपण संपणार? चार वर्षं मी बेंगळूरच्या या दुकानात हेच करतोय. कॉम्प्युटरची जुनी कार्डं उघडायची, धूळ काढायची, चिपवरची थंडाव्याची पेस्ट बदलायची, टेस्टला लावायची. आता रोहिदास मला शिकवणार.

धाकटा भाऊ म्हणून मीच ते कार्ड दिलं होतं. शेटनी तीन महिने माझ्या पगारातून कापून घेतलं त्याचं. रोहिदास त्याच्यावर लग्नाचे नि हळदीचे व्हिडिओ एडिट करतो. शूटिंग खोपोलीचा स्टुडिओवाला विपुल करतो, पुढचं सगळं आमच्या घरात, पळसदरीला. कार्ड नाही तर काम नाही. आणि ही ऐन लग्नसराई.

व्होल्टेजला हात लावू नको हे त्याला दहादा सांगितलंय. "मला विचारलं होतंस का आधी?" फोनवर म्हटलं. गप्प बसला. मग मी बोललो ते बोललोच – "तुझी लायकी नाय मशीनला हात लावायची."

मागून आईचा आवाज आला, "आरं हळू बोल. जेवतोय तो."

२२ एप्रिल

फोन उचलत नाही. नको उचलू.

२३ एप्रिल

व्हॉट्सअॅपवर ब्लॉक केलंय मला. थोरल्या भावाला!

२६ एप्रिल, शनिवार

कार्ड कुरिअरनं दुकानात आलं. आईच्या हिरव्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं. बाजूला कडव्या वालाची पिशवी. रोहिदासची चिठ्ठी वगैरे काही नाही.

पंखे काढून बघितलं. करंट येतो तिथं काळा डाग, वालाच्या दाण्याएवढा. वास अजून गेला नाही. शेट निपाणीचे, मराठी बोलतात. लांबूनच म्हणाले, "व्होल्टेज खोललेलं दिसतंय की. कुणी?"

"धाकट्या भावानं."

"कंपनी कुलूप काय हौसेनं लावते होय? असल्यांच्या हातात किल्ली देऊ नये बाबा."

सगळे हसले. मी पण हसलो.

३० एप्रिल

त्या डागाचं डोक्यातून जात नाही.

कार्ड जास्त पळवायचं तर त्याला जास्त व्होल्टेज पाजावं लागतं. त्याचा सरकवायचा दांडा सॉफ्टवेअरमध्ये असतो, पण मेलेला. हलत नाही. सेटिंगमध्ये जाऊन एका चौकटीवर टिक करायची, बंद करून परत चालू करायचं, की दांडा जिवंत होतो. मग सरकवत न्यायचा. शेवटचा आकडा प्लस शहाण्णव. आम्ही दुकानात टेस्टला नेतो तिथपर्यंत, पण पाच मिनिटं, एसीमध्ये, समोर मोठा पंखा लावून. आणि टेस्ट झाली की सगळं शून्यावर. दुकानाचा पहिला नियम.

शिमग्याला घरी गेलो होतो तेव्हा मी पण खोललं होतं. आळीतल्या पोरांना गेम पळवून दाखवली. पण जाताना शून्यावर आणलं असणार. आणलंच असणार. हाताला सवय आहे.

११ मे, रविवार

आईचा फोन. विपुल आला होता, सहा लग्नांच्या हार्डडिस्क उचलून घेऊन गेला. "वाईट नाय बोलला," आई म्हणाली. "चहा पण घेतला. म्हनला, काकी, लोकं माझ्या दारात उभी हायती, मी दुसरा बघतो."

"आणि रोहिदास?"

"साजगावला लागला. कंपनीत. पत्रा दाबायची मशीन हाय म्हनं. सकाळी सहाला निघतो."

मी म्हटलं, "बरं झालं. बसून राहण्यापेक्षा."

आई म्हणाली, "वाल शिजवलेस का?"

१ जून, रविवार

आई सांगते, रोहिदास टीव्ही मोठा लावतो. शेजारची सोनुबाई ओरडते भिंतीपलीकडून, तर तिचं ओरडणं पण ऐकू येत नाही. कानात शिट्टी वाजते म्हणतो, झोपेत पण.

"कानात घालायला देत नाहीत का कंपनीवाले?"

"कापूस घालतो."

रोहिदासचा कान फार चांगला. हळदीच्या व्हिडिओत ढोलकीची थाप पडली की बरोबर त्या थापेवर नवरीचा चेहरा आणायचा. आकडे न बघता, डोळे मिटून. मला कधी जमलं नाही. विपुल म्हणायचा, "ह्याच्या कानाला पगार देतो मी."

कापूस घालतो.

७ जून, शनिवार

पगार झाला. दुकानात एक चांगलं कार्ड आलंय, पण पार्सल परत पाठवील म्हणून पैसेच दिलेले बरे. बारा हजार टाकले त्याच्या खात्यात, सकाळी. संध्याकाळी बारा हजार परत. सोबत एक अक्षर नाही.

आईला विचारलं. म्हणाली, "तो म्हनतो, दादाला विचार, पैसे कशाचे?"

"भावाचे, म्हणावं."

९ जून

परत टाकले. परत आले.

१५ जून, रविवार

शेटना ते जळलेलं कार्ड कुठल्या लॉटमधलं ते बघायचं होतं. बिलाचा फोटो मी रोहिदासला पाठवला होता, म्हणून चॅट वर वर सरकवत गेलो. मध्ये त्याचा एक व्हॉइस मेसेज. एक मिनिट चौदा सेकंद. ९ एप्रिल. न ऐकलेला. तो कायम लांबण लावतो म्हणून मी त्याचे मेसेज मागं ठेवायचो, ऐकू निवांत म्हणून.

तीनदा ऐकला. तसाच लिहून ठेवतो –

"दादा, कामात हायेस का? कार्डाचा पंखा लई ओरडतो रं. नव्वद डिग्रीच्या वर जातंय. पत्रा तापलाय वरनं. तू शिमग्याला ते प्लस शहाण्णव लावून गेलास ना, ते तसंच हाय, मशीन चालू केली का आपलं आपण लागतं. खाली आणू का? तू म्हनला होतास माझ्या सेटिंगला हात लावायचा नाय, म्हणून लावला नाय. तुला कळतं त्यातलं. सांग फक्त. तोवर मी टेबलफॅन लावून ठेवतो त्याच्यासमोर."

मग पंख्याचा आवाज. दोन्ही पंख्यांचा. त्यानं फोन कार्डाजवळ नेला होता, मला ऐकू यावं म्हणून.

त्यानं विचारलं होतं. कार्ड जळायच्या आधी दहा-बारा दिवस. आणि मी फोनवर बोंबललो, मला विचारलं होतंस का. तेव्हा एका शब्दानं म्हणाला नाही की हो, विचारलं होतं.

या वहीतलं शिमग्याचं पान काढलं. माझंच अक्षर. "घरी कार्ड लई पळवलं. प्लस ९६. पोरं बघतच राहिली. चालू होताना आपोआप लागेल असं करून ठेवलं, रोहिदासचं काम पण झटपट होईल." खाली – "गाडी साडेचारची." शून्यावर आणल्याचं कुठं काही नाही.

१६ जून

शेटना सांगितलं. "भावानं नाही, मी खोललं होतं."

शेट मान वर न करता म्हणाले, "मग? आता सांगून कार्ड जिवंत होतंय होय?"

संध्याकाळी आईला सांगितलं. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "माहीत हाय."

"तुला कोणी सांगितलं?"

"त्यानंच. जळलं त्या दिवशी. म्हनला, आई, दादाला बोलू नको. त्याच्या दुकानात कळलं तर हसतील त्याला."

मी तिला म्हटलं, तू सांग त्याला माझ्या वतीनं. म्हणाली, "मी नाय सांगनार. तुझं तू सांग रं."

१७ जून

सहा वेळा फोन लावला. नाही उचलला.

१८ जून, बुधवार

ब्लॉक आहे, फोन घेत नाही. पण पैसे पाठवताना खाली दोन शब्द लिहायला जागा असते, ते त्याला दिसतात. ब्लॉक तिथं चालत नाही. बारा हजार टाकले तर तो नुसते बारा हजार बघेल आणि परत करील.

पुष्कळ लिहिलं होतं. तिथं मावेना. कापत कापत एवढं उरलं – "शहाण्णव मीच लावलं. तुझा मेसेज ऐकलाच नव्हता."

रक्कम – एक रुपया.