ताईच्या हिरव्या शेगडीविषयी सविस्तर खुलासा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून, आणि या खेपेला नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकून, नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? नव्या घराला एकही पायरी नाही हे वाचून आम्हा दोघांनाही फार बरे वाटले. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षे उभे राहिलेल्या बाईला निवृत्तीनंतर सपाट जमीन मिळावी, यापेक्षा मोठा न्याय नाही (यावर मी तासभर बोलू शकतो, पण आवरतो). इकडे मी ठीक, तुझी भावजय माझ्यापेक्षा ठीक. राहता राहिली जिच्यासाठी तू पत्र लिहिलेस ती, म्हणजे तुझी हिरवी शेगडी. तिच्या प्रकृतीविषयी एका ओळीत सांगण्यासारखे नाही, म्हणून हे एवढे कागद.

तुझे पत्र मोजून तीन ओळींचे होते. आता अंगण आहे. पाव भाजून विकायचा विचार आहे. माझी शेगडी नीट करून ठेव, महिनाअखेरच्या रविवारी टेम्पो पाठवते. ताई, मी आजवर हजारभर भाषणे ठोकली असतील, पण तीन वाक्यांत समोरच्याला घाम फोडायची ही ताकद मला कधी साधली नाही. 'नीट करून ठेव' हे तीन शब्द वाचले आणि मी चहा अर्धा टाकून मागच्या अंगणात गेलो. अकरा वर्षांपूर्वी, तिसऱ्या मजल्यावर राहायला जाताना, तू ती 'जपून वापर' असे सांगून आमच्याकडे ठेवलीस. वापरली आम्ही भरपूर. जपण्याबाबत मतभेद होऊ शकतात.

तुझ्या डोळ्यांसमोर ती तू सोडून गेलीस तशीच असेल: कमरेइतकी उंच, उभ्या अंड्यासारखी, दोन बोटे जाड चिनीमातीची, वर ती पाचूसारखी चकाकी. चकाकी अजून आहे, शपथेवर सांगतो. बाकीचे ऐक. झाकण आणि पोट यांच्यामध्ये वाफ अडवणारी जी लोकरी नमद्याची पट्टी होती, ती जळून तिचे चार केस उरले होते. बिजागरीचा पट्टा ढिला होऊन झाकण मागे सरकले होते, त्यामुळे शेगडी खालचा ओठ पुढे काढून रुसून बसल्यासारखी दिसायची. कोळसा ठेवायची आतली कुंडी दोन ठिकाणी तडकली होती. आणि झाकणावरचा तापमापक! त्याचा काटा सभेच्या अध्यक्षांसारखा झाला होता. समोर काहीही पेटो, हा आपला मधोमध.

या अवस्थेला जबाबदार माझा आळस नाही, माझे तत्त्व आहे, हे मी आधीच स्पष्ट करतो. हवा ही सर्वांची आहे, तिच्यावर झडपा बसवणे ही हुकूमशाहीची पहिली पायरी आहे, असे मी जाहीरपणे म्हणत आलो आणि घरीही तसाच वागलो. शेगडी पेटवली की खालची सरकती झडप सताड उघडी, वरची लोखंडी टोपी सताड उघडी. स्वातंत्र्य! परिणामी बटाट्यांचा कोळसा व्हायचा आणि खरा कोळसा बटाट्यांच्या आधी संपायचा. कधीकधी मात्र सगळे अप्रतिम भाजले जायचे, आणि त्याचे श्रेय मी स्वातंत्र्याला द्यायचो. मी पाहुण्यांशी बोलत असताना तुझी भावजय मागून येऊन पायाच्या अंगठ्याने झडप हलकेच आत ढकलून जाते, हे मला गेल्या पंधरवड्यात कळले. अकरा वर्षे माझ्या राजवटीत हे भूमिगत कार्य चालू होते!

दुर्दैवाने तुझे पत्र आले त्याच आठवड्यात वाचनालयाच्या सभागृहात माझे व्याख्यान झाले होते: 'फेकू नका, दुरुस्त करा.' टाळ्या पडल्या. एका निवृत्त शिक्षकांनी डोळे पुसले. घरी आलो तर तुझी भावजय दारातच म्हणाली, "छान बोललात. आता वन्संची शेगडी." मी बनवणाऱ्या कंपनीला सुट्या भागांसाठी पत्र लिहिले. उत्तर आले, हे जुने मॉडेल बंद झाले आहे, नवीन घ्यावे. मी त्यांना अकरा पानी उत्तर पाठवले असून त्यात मानवी संस्कृतीचा आढावा आहे. ते अजून वाचत असावेत.

मग मी स्वतः बाह्या सरसावल्या. पहिल्या दिवशी घासकाम. राख उपसली, जाळी घासली, टोपी घासली, आणि खालच्या झडपेवरचा अकरा वर्षांचा गंज आणि ओरखडे पॉलिशपेपरने असे उतरवले की तिच्यात तोंड दिसावे (या झडपेविषयी पुढे लिहायचे आहे. आत्ता नको). दुसऱ्या दिवशी नमद्याची पट्टी. तोफेच्या कारखान्यात लागतो तसला जाड नमदा मी मिळवला आणि तो ताणून, खेचून, गोंद लावून कडेला बसवला. ताणलेली वस्तू सोडली की आखडते, हे मी राजकारणात अनेकदा सांगितले आहे. पट्टीबाबत लक्षात आले नाही. सकाळी पाहतो तर दोन टोकांत चार बोटांचे अंतर. तुझ्या भावजयीने सगळी खरवडून काढली, दोरीने घेर मोजला आणि सैल हाताने, साडीला फॉल लावावा तशी, पट्टी लावली. मी गोंदाचे झाकण धरून उभा होतो.

तिसऱ्या दिवशी माझ्या भुवया गेल्या. त्याचे असे झाले, की झाकण बसते का ते पाहायला मी थोडा कोळसा पेटवून दोन्ही झडपा बंद केल्या (जन्मात पहिल्यांदा बंद केल्या, आणि त्याच दिवशी!). थोड्या वेळाने आत काय चालले आहे ते पाहू म्हणून झाकणाला हात घातला. "आधी जरासं उचला, आत हवा जाऊ द्या, मग उघडा," असे ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली. "बंदिस्त आगीला मोकळे करताना हप्ते पाडायचे नसतात!" असे मी बाणेदारपणे म्हणालो आणि झाकण एका झटक्यात उघडले. आगीने माझे म्हणणे मान्य केले. नशिबाने चष्मा होता. पण ताई, भुवयांशिवाय संताप दाखवता येत नाही, हे कुणी वक्त्याने लिहून ठेवलेले नाही. परवा पाणीप्रश्नावरच्या सभेत मी अन्यायावर तुटून पडलो, तर पुढच्या रांगेतली माणसे एकमेकांना विचारत होती, यांना एवढे आश्चर्य कशाचे वाटते आहे?

तेव्हा कुठे मी माणूस बोलावला. बेकऱ्यांच्या भट्ट्या बांधणारे एक वयस्कर गवंडी आहेत. मी वाचनालयातून भट्ट्यांवरची चार जाड पुस्तके आणून वाचली होती, त्यामुळे बोलायला विषय भरपूर होता. ते तडकलेल्या कुंडीत आग सोसणारे सिमेंट भरत होते आणि मी वाकून त्यांना विटेच्या शोधापासून सगळे सांगायला सुरुवात केली. थोडा वेळ त्यांनी ऐकून घेतले.

"साहेब, तोंड जरा तिकडे करून बोला."

"का हो?"

"गरम हवा लागते. सिमेंट घाईने सुकलं की तडकतं."

उभ्या आयुष्यात माझ्या वक्तृत्वाचे इतके अचूक मोजमाप कुणी केले नव्हते. मी तोंड तिकडे केले. त्यानंतर त्यांनी बॅटरी मागितली, शेगडीच्या पोटात डोके घातले आणि बराच वेळ बाहेरच काढले नाही. मग आतूनच आवाज आला.

"ही जुनी भेग कुणी भरली?"

मला जुनी भेग ठाऊकच नव्हती. मीही डोके आत घातले. मागच्या बाजूला, तळापासून वीतभर, केसाएवढी रेघ, आणि तिच्यावर सिमेंट इतके सपाट, की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. एका जागी त्यात बोटाचा ठसा होता. बारीक, अंगठ्याचा. म्हटले, माझ्या थोरल्या बहिणीने भरली असणार.

"कुठल्या भट्टीवर होत्या?"

"भट्टीवर नाही. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात."

"वाया घालवलं म्हणायचं," गवंडी म्हणाले. "बोट एकदाच फिरवलंय बघा. आमची माणसं तीनदा फिरवतात, तरी उंचवटे राहतात. त्यांना विचारा, काम हवंय का."

ताई, मी तिथेच राखेच्या डब्यावर बसलो. आठवते का, बंद पडलेल्या खानावळीच्या मागून ही शेगडी तू हातगाडीवर घालून आणलीस? तू गाडी ढकलत होतीस. मी, वय वर्षे वीस, पुढे चालत रस्त्यातल्या लोकांना श्रमाच्या प्रतिष्ठेवर सांगत होतो. चढावर तू म्हणालीस, "अरे, एक हात लाव ना," आणि मी म्हणालो, मुद्दा संपवून लावतो. मुद्दा संपेपर्यंत चढ संपला होता. ती भेग त्या चढावरच्या धक्क्यांनी पडली असणार. तू ती भरलीस, आणि तीस वर्षांत घरात अवाक्षर काढले नाहीस. मी एखादा खिळा ठोकला तरी चार सभांत दाखला देतो. लोक मला निष्ठेचा माणूस म्हणतात. निष्ठा कशी दिसते ते मला त्या दिवशी बॅटरीच्या उजेडात, आत डोके घालून, एका अंगठ्याएवढ्या जागेत दिसले. हे मी टाळीसाठी लिहीत नाही. इथे टाळी वाजवायला कुणी नाही.

तर आता परिस्थिती अशी: कुंडी भरून, चार दिवस सावलीत सुकवून, मंद आचेवर तापवून घेतली. पट्टी बसली. बिजागरीचा पट्टा आवळला, झाकण ओठाला ओठ लावून बसते. तापमापक उकळत्या पाण्यात धरून मागच्या चाकीने ठिकाणावर आणला. काल पेटवली तर धूर फक्त टोपीतून, सरळ, एका रेषेत वर. तुझी भावजयसुद्धा "हं" म्हणाली. चाचणीचा म्हणून एक पावही भाजला (त्याविषयी खाली).

गुडघ्यांना जप. टेम्पोची वाट पाहतो आहे, म्हणजे पाहत होतो. खाली पाहा.

तुझा, सध्या भुवयाहीन, पण विचारांनी तोच,
धाकटा

ता. क. टेम्पोत गाद्या घालून पाठव. झाकण उतरवून वेगळे ठेवायचे, हे तुला मी सांगणे म्हणजे मी मलाच हसवणे आहे.

ता. क. दुसरा. तो पाव वरून कोळसा आणि आतून पीठ झाला. मी तुझ्या भावजयीला विचारले, इतकी वर्षे तू झडप किती ढकलायचीस? ती म्हणाली, "वन्संच्या खुणेवर. पावाची तिसरी, बटाट्याची पाचवी." कसल्या खुणा? तर तू वर्षानुवर्षे भाजून भाजून, खिळ्याने त्या झडपेच्या कडेला सात बारीक रेघा ओढून ठेवल्या होत्यास म्हणे. ताई, वर मी 'ओरखडे' असा शब्द वापरला आहे. तो मागे घेतो. त्या झडपेत आता तोंड दिसते, आणि ते मला पाहवत नाही. 'फेकू नका, दुरुस्त करा' म्हणणाऱ्याने तुझी ती सगळी वर्षे पॉलिशपेपरने पुसली. तुझे पावाचे सगळे गणित त्या रेघांवर होते, आणि माझ्याकडे या एका गोष्टीवर भाषण नाही.

ता. क. तिसरा. टेम्पो पाठवू नकोस. त्याच्या आधी तू स्वतः ये. खिळा धारदार करून ठेवला आहे. तू भाज, तू रेघा ओढ, मी कोळसा घालीन आणि तोंड तिकडे करून बसेन. मग शेगडी घेऊन जा, मी हातगाडीला दोन्ही हात लावीन.

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून ह्या चार ओळी. काळजी करू नका. हे घासायला बसणार म्हटल्यावर मी आदल्या दिवशीच झडपेवर कागद धरून पेन्सिल फिरवून घेतली होती. ह्यांच्या हातात पॉलिशपेपर दिसला की जपायचं ते मी आधी उचलून ठेवते. सातही खुणा कागदावर जशाच्या तशा आहेत. कागद पिठाच्या डब्यात आहे, तिथे हे कधी बघत नाहीत. ह्यांना अजून सांगितलेलं नाही, कारण धास्तावले की हे फार सुरेख काम करतात. काल तर बिजागरीला तेलसुद्धा घातलं, न बोलता. आणि अकरा वर्षांत तुम्ही एकदाही राहायला आला नाहीत. कागद पोस्टाने पाठवला असता तर तुम्ही टेम्पोच पाठवला असता. तेव्हा या. आल्यावर ह्यांना रागवा, पण बेतानं. भुवया आत्ताशी कुठे उगवायला लागल्या आहेत.