हुमनाबादपर्यंत

तुळजापूर, ८ ऑक्टो. ६१, रवि.
मी यांच्या पायाला तेल चोळत होते, तर हे म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीत जीपनं जाऊ. आजारापासून उजवी बाजू गेलेली, जीभ जड, पण "जीप" स्वच्छ निघालं. नळदुर्ग, येणेगूर, उमरगा, हुमनाबाद. निजामाच्या वेळी ओव्हरसियर असताना हाच रस्ता यांनी केला, त्यावरचे पूल बघायचेत. मी बरं म्हणाले. बरं म्हणायला कष्ट पडत नाहीत. दोन दिवसांत विसरतील.
नवरात्र तोंडावर. गावात पाय ठेवायला जागा उरणार नाही. माझ्या शाळेचे सहामाहीचे पेपर तपासायचे तसेच पडलेत.

१२ ऑक्टो.
विसरले नाहीत. डाव्या हातानं खाटेवर चिंचोके मांडून रस्ता केला. हा नळदुर्ग, किल्ल्यातला पाणी महाल बघायचा. हा येणेगूरच्या अलीकडचा पूल. उमरग्याला महादेवाचं जुनं देऊळ, मुक्काम तिथंच. तुरोरी. मग हद्द. पलीकडं आता म्हैसूर राज्य, आपल्या वेळी सगळं एकच होतं. मग हुमनाबाद, माणिकनगरला दर्शन. झालं.
झालं कसं? हुमनाबादहून बीदर कितीसं? बीदरला आमची सुमन आहे. एकुलती एक.
मी एक चिंचोका पुढं ठेवला. यांनी तो उचलला, मुठीत धरला आणि डोळे मिटून पडून राहिले.

२० ऑक्टो., शुक्र.
काल दसरा झाला. घरात दोघंच. सोनं द्यायला शेजारपाजारचे आले तेवढेच.
सुमनची उस्मानाबादेत ट्रेनिंगला असताना बसवराजशी ओळख झाली. मग बीदरला रजिस्टर लग्न. तो लिंगायत. हे लग्नाला गेले नाहीत, मलाही जाऊ दिलं नाही. तेव्हापासून तिचं नाव घरात नाही. यांची उभी हयात मजुरांशी कानडी बोलण्यात गेली. त्यांच्या भाकऱ्या खाल्ल्या, त्यांच्यात उठले बसले. जावई मात्र...
आषाढात हे पडले तेव्हा पोरगी धावत आली. दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहिली. आत आली की हे भिंतीकडं तोंड फिरवायचे. मी तिची समजूत घातली, वाचा गेलीय गं, म्हणून बोलत नाहीत. ती म्हणाली, "आई, वाचा आत्ता गेली. बोलणं कधीचं गेलंय." दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं परत गेली.

२९ ऑक्टो., रवि.
गुत्तेदार येऊन गेले. यांच्या हाताखाली पुलांची कामं घेतलेला माणूस, अजून साहेब म्हणतो. भाऊबीज झाली की जीप देतो, ड्रायव्हर बाबूमियाँ देतो म्हणाले. हे लई खूष. मी चहा करायला आत गेले ती चुलीपुढंच बसून राहिले. सगळ्यांना वाटतं सहल म्हणजे विसावा. यांना उचलून बसवायचं कुणी? वाटेत धोतर बदलायचं कुणी? पाणी महाल आहे तिथं आहेच की. आजवर बघितला नाही, काय अडलं?
बाहेरनं हाक आली. साखर जास्त टाक.

२ नोव्हें., गुरु.
आज तोंडातून गेलं. हे पुन्हा पुलांचं सांगत बसले होते. कुठला काळ्या दगडाचा, कुठल्या कामाला पाणी मिळालं नाही. शब्द सापडेना की माझ्याकडं बघायचे, मी शब्द पुरवायचा. मी म्हणाले, "मला पूल बघायचे नाहीत. मला माझी पोर बघायचीय."
ऐकून घेतलं. जेवले अर्धंच. दिवे लागल्यावर म्हणाले, "हुमनाबादला दोन मुक्काम करू."
दोन कशाला, मी विचारलं नाही. विचारलं की यांचा बेत मोडतो.
सुमनला कळवावं का? कळवलं, ती वाट बघत बसली आणि हे हुमनाबादवरनंच फिरले तर? नको.

उमरगा, ११ नोव्हें., शनि.
निघालो एकदाचं. बाबूमियाँनं यांना लेकरासारखं उचलून पुढं बसवलं. पाठीशी उशी, कमरेला माझं जुनं लुगडं बांधलं, खड्ड्यात घसरू नयेत म्हणून. बाबूमियाँ गाडी हळू हाकतो.
नळदुर्गला यांना खाली उतरणं शक्यच नव्हतं. बाबूमियाँ पाठीवर घेतो म्हणाला, हे नको म्हणाले. मला म्हणाले, तू जाऊन ये. मी एकटीच गेले. बंधाऱ्याच्या पोटात खोली आहे, खिडकीसमोरून पाणी पडतं. पावसाळा सरला, धार बारीक झालीय, तरी गारवा, तुषार अंगावर. खिडकीत बसले. किती दिवसांनी कुणी हाक मारत नव्हतं. वर जावंसं वाटेना. अगदी खरं लिहायचं तर, कधीच वर जाऊ नये असं वाटलं.
वर आले तर हे विचारतात, कसा आहे? मी म्हणाले, गार आहे. हसले. आजारानंतर पहिल्यांदाच.
येणेगूरच्या अलीकडं पुलावर जीप थांबवली. यांना धरून उभं केलं. कठड्याचा एक तुकडा पडला होता, कुणीतरी नव्यानं बांधलाय. डाव्या हातानं चाचपून बघितला. "बरं केलंय," म्हणाले. मला वाटलं होतं, नावं ठेवतील.
रात्री इथंच. अंग ठणकतंय.

हुमनाबाद, १२ नोव्हें., रवि.
तुरोरी सोडल्यावर हद्दीची पाटी. अलीकडं मराठी, पलीकडं कानडी. यांनी कानडी पाटी मोठ्यानं वाचली, एकाही अक्षराला न अडखळता. बाबूमियाँ माझ्याकडं बघायला लागला. मग वाटेत चहावाल्याशी, बैलगाडीवाल्याशी कानडीच. मराठीत दोन शब्दांना घाम फुटतो, आणि कानडी अशी सरळ? मी मागच्या सीटवर बसून ऐकत होते. मला त्यातलं काही कळत नाही. आवाज मात्र जुना, कामावरचा.
डाक बंगल्यात उतरलो. हुमनाबाद आलं. चिंचोक्यांचा रस्ता इथं संपतो.

१३ नोव्हें., सोम.
माणिकनगरला दर्शन झालं. प्रसाद घेतला. डोळे मिटून काय मागितलं ते हे सांगणार नाहीत, मीही सांगितलं नाही.
दुपारी बंगल्याच्या चौकीदाराशी लई वेळ बोलत बसले. म्हातारा उकिडवा बसून मातीत काडीनं काहीतरी काढून दाखवत होता. मला एकच शब्द कळला, बीदर. मी पुढं गेले तर म्हाताऱ्यानं पायानं रेघा पुसल्या. नंतर चौकीदाराला विहिरीपाशी गाठलं, काय म्हणत होते साहेब? "रस्ता पूछे, अम्मा. नाले पे काम चालू है क्या, गाडी जाती क्या." आणि? "और पूछे, उदर कालेज के मास्तरां किदर रहते."
बसवराज तिथं कालेजातच शिकवतो. हे यांना कसं माहीत? मी तर कधी...
संध्याकाळी पाय चेपताना वाटलं, आता बोलतील. डोळ्यांवर हात ठेवून पडून होते.

१४ नोव्हें., मंगळ., सकाळी
दोन मुक्काम झाले. आज परत फिरायचं, ठरल्याप्रमाणं.
उठल्या उठल्या म्हणाले, न्हावी बोलाव. दाढी करून घेतली. कोट मागितला. कोट आणलाय हे मला ठाऊकच नव्हतं, बाबूमियाँकडं सीटखाली ठेवायला दिला होता म्हणे. उजवा हात बाहीत घालताना मला घाम फुटला. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा स्वतःच डाव्या हातानं धरून घातला.
आता पुढं बसलेत. मी अंथरूण गुंडाळून पायरीवर बसून हे लिहितेय. बाबूमियाँ मघाशी हळूच विचारायला आला, "बाई, गाडी किदर लेऊं?"
मी म्हणाले, साहेबांना विचार.
"पूछा. बोले, पैले चालू तो कर."
चालू केलीय. धूर निघतोय. हे समोर बघतायत, मागं वळून माझ्याकडं बघत नाहीत. फाटकाच्या बाहेर डावीकडं बीदरला की उजवीकडं घराकडं ते मीही विचारणार नाही. चढते.