गॅस की वीज, आईला विचारा

रविवार, संध्याकाळ

अजून राग जात नाहीये. मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या नव्या इमारतीत पाइपचा गॅस घ्यायचा की सगळं विजेवर चालवायचं, यावर आज मीटिंग झाली. प्रश्न स्वयंपाकघराचा, आणि हात वर करणारे सगळे पुरुष! बाबांचाही हात वर. मी विजेच्या बाजूने बोलायला उठले, तर सेक्रेटरी काका म्हणाले, "तू मेंबर आहेस का गं? घरातली पहिली ग्रॅज्युएट झालीस म्हणून मत मिळत नाही."

"मग ज्या रांधतात त्यांना तरी विचारा!"

शेवटी निर्णय पुढच्या रविवारावर ढकलला.

घरी आईला म्हटलं, तू चल. ती म्हणाली, "माका तर गॅसच व्हयो गो. भाकरी जाळार फुगता."

म्हणजे तीही माझ्या विरोधात! असू दे. तिला पहिल्या रांगेत बसवणार आणि माझ्या विरोधात का होईना, बोलायला लावणार.