पिवळा पडदा सोडून

३ मार्च

लिहीन लिहीन म्हणत किती दिवस घालवले कोण जाणे. पेन काल सापडलं – खताच्या ढिगात. पाठीवर तंबू घेऊन भटकत इथे आले, चार दिवस राहून पुढे जाणार होते. फाटकाशी पाणी मागितलं, मावशीने पाण्याआधी हातात खुरपं दिलं. नात्याने ती माझी कोणी नाही. तंबू तेव्हापासून खुंटीला, आणि मी तिच्या कॉफीच्या मळ्यात.

आज मात्र लिहायलाच हवं. उंबर पडला.

वारा नाही, काही नाही. जेवत होतो, कडकड आवाज झाला. मावशीने घास खाली ठेवला. "गेला," म्हणाली. माणूस गेल्यासारखं. मुळं आतून कुजली होती. मिरीचा वेल अंगावर घेऊनच आडवा झाला. शेजारची कॉफीची रोपं थोडक्यात वाचली, पण त्यांच्या डोक्यावर आता नुसतं आभाळ.

४ मार्च

मला वाटायचं, ऊन मिळालं की झाड खूश. मावशी म्हणाली, "तू उभी राहा दुपारभर, मग विचारते." कॉफीला पानांतून गाळलेलं ऊन लागतं. खोड तापलं की खोडकिडा येतो. तो आत शिरला की रोप उपटून जाळायचं, दुसरा इलाज नाही. औषध ती मारत नाही, मारणारही नाही.

म्हणून सकाळभर काथ्याने खोडं घासली. सैल साल निघाली की किड्याला अंडी घालायला जागा राहत नाही. आंघोळीला बसलेली पोरं घासावीत तसं. एकाला मी म्हटलं, कानामागे किती मळ रे. मावशी हसली.

ही रोपं तिच्या लेकीने लावलेली. मग भांडण. "तुला माझ्यापेक्षा झाडं जवळची" – असं म्हणून ती शहरात गेली. येते का कधी, मी विचारलं.

"ती आता उंबराचं फूल," मावशी म्हणाली. आणि मान वळवली. समोर उंबर पडला होता ना.

६ मार्च

पांगाऱ्याचे खुंट रोवले, मध्ये केळी, कडेने तूर. हे सगळं वाढेपर्यंत सावली कुठून आणायची? मावशीने सरळ कपाट उघडलं. चादरी, टेबलक्लॉथ, बैठकीतले पडदे. बांबूंना बांधून रोपांवर ताणले. घर असं उघडं पडलंय की बोललं तर घुमतं.

तरी कडेची रोपं उरलीच. मी झोपते ती खोली लेकीची, तिथे पिवळा पडदा आहे. खुर्चीवर चढले, तर मावशी दारात.

"तो नको. तिचा आहे."

उतरले.

७ मार्च

शेजारचे भाऊ आले. मी त्यांना फवारा म्हणते – पाठीवर पंप घेऊनच जन्मले असावेत. कुंपणावरून म्हणाले, "वहिनी, धोबीघाट काढलात का?"

"तुमचे कपडे नाही घेणार. औषधाचा वास मारतो."

मग त्यांचं एरंडाचं गुऱ्हाळ – एक फवारणी केली असती तर, आता वय झालं, उद्या झाडांना स्वेटर विणाल, तुमच्या लेकीला कळवायला पाहिजे.

"कळवा की," मावशी म्हणाली.

ते गेल्यावर एकच खोड कितीतरी वेळ घासत बसली.

९ मार्च

तुरेवाला एक पक्षी दिसला. त्याच्यामागे ओढ्यापर्यंत गेले, खुरपं तिथेच विसरले. परत येऊन पाहते तर कडेच्या रोपांची पानं करपायला लागलेली. पक्षी कसला होता, तेही कळलं नाही.

१० मार्च

तंबू खाली काढला. कात्री लावणार, तोच मावशीने ती हिसकावली.

"वेडी का तू? जाताना काय नेशील?"

"तूर वाढेपर्यंत कुठे जातेय मी?"

तिने तंबूचं एक टोक धरून ताणलं. मग कात्री परत दिली. "सरळ काप. नेहमी वाकडं कापतेस."

वाकडंच कापलं. कडेच्या रोपांवर आता निळी सावली आहे. मी जाऊन जरा वेळ तिथे बसले. माझ्याच घरात बसल्यासारखं वाटलं.

११ मार्च

कडेच्या रोपांनी मान वर केली. मावशीनेही.

१३ मार्च

फाटक वाजलं. हातात बॅग, नाक थेट मावशीचं.

"शेजारच्या काकांचा फोन आला. म्हणे तुझ्या आईला वेड लागलंय, झाडांना चादरी पांघरते."

मावशी काथ्या हातात धरून तशीच उभी. लेक वाकून चादरींखाली शिरली. एकेक रोप बघत कडेपर्यंत गेली. माझ्या तंबूचा तुकडा बोटांनी चाचपला. मग तिथूनच म्हणाली, "आई, माझा पडदा का नाही लावलास?"

आता ती आत खुर्चीवर चढलीये. पडद्याच्या कड्या वाजतायत. मावशीने खुर्ची धरलीये. मी पायरीवर. रात्री कुठे झोपायचं, काही माहीत नाही.

मावशीची हाक आली – "अगं, बसलीस काय? बांबू आण."