तीन ग्लास काळी वाईन

१२ नोव्हेंबर, सोमवार
रविवारी आमच्या गावच्या काळ्या वाईनच्या मंडळाची परीक्षा. पुढ्यात तीन ग्लास ठेवतात. कुठली वाईन पठाराची, कुठली नदीकाठची, ते ओळखायचं. जमलं की लाल झगा, गळ्यात बिल्ला. माझ्या लोखंडी सामानाच्या दुकानात उभं राहून, कुणाच्याही शिकवणीशिवाय मी जे शिकलो, ते अख्ख्या काओर गावात कुणाला येत नाही. वर पठारावर चुनखडी, म्हणून वाईन ताठ, जीभ धरून ठेवणारी. खाली लॉत नदीचे गोटे आणि गाळ, म्हणून मऊ, लोचट. शेंबड्या पोरालाही कळेल.
संकल्प : आठवडाभर लसूण बंद. कॉफी बंद. राग बंद.

१३ नोव्हेंबर
राग आला. कारण रेजिस, माझ्या बायकोचा, सोलांजचा भाऊ. जेवायला आला (कधी येत नाही?). मी सरावासाठी पठाराची जपलेली बाटली उघडली होती. सूप तळाशी आलं तशी ह्या माणसाने त्यात घळाघळा वाईन ओतली, वाडगा तोंडाला लावला आणि मिशा पुसल्या. म्हटलं, ही गुरांची रीत. तर म्हणतो, दाजी, तुमचे वडील रोज असंच प्यायचे की! वडिलांना मध्ये आणायचं काही कारण नव्हतं.
वर विचारतो, माल्बेक द्राक्ष अर्जेंटिनाचं ना? मूळचं आमच्या इथलं द्राक्ष! मी मूठ आपटली. ग्लास फुटला. चांगल्यातला.

१४ नोव्हेंबर
सराव. सोलांजने डोळ्यांवर फडकं बांधून तीन ग्लास दिले. तिन्ही चुकले. टूथपेस्ट पुदिन्याची होती. एवढंही ह्या घरात मीच सांगायचं.

१५ नोव्हेंबर
टूथपेस्ट बंद. पुन्हा चुकले. हवा दमट. शिवाय ग्लास देताना सोलांज हसते.
दुकानात बोर्दोचा एक पाहुणा. म्हणे, तुमची वाईन फार कडक हो. आमच्या वाईनची पिंपं शतकानुशतकं आपल्या बंदरात अडवून ठेवली ती ह्या बोर्दोवाल्यांनीच! त्याला चुकीच्या मापाचे स्क्रू दिले. मुद्दाम.

१७ नोव्हेंबर, शनिवार
लसूण खाल्ला. बदक लसणाशिवाय खाता येत नाही. दोष बदक करणारीचा.
रेजिसही परीक्षेला बसतोय! म्हणे नंतर जेवण फुकट असतं. मंडळाच्या अध्यक्षांकडे, लाकोंबकडे तक्रार केली. म्हणाले, कुणीही बसू शकतं, मस्यू आन्सेल्म. 'कुणीही' म्हणताना माझ्याकडेच बघत होते.

१८ नोव्हेंबर, रविवार, दुपार
पहिला ग्लास : चुनखडी. पठार, तेही उत्तरेचा उतार. दुसरा : नदीकाठ, गोट्यांचा थर. तिसरा तोंडात घेतला आणि डोकंच फिरलं. ही वाईन नाही, शाई! मशीनने ओरबाडलेली द्राक्षं, वर ओक लाकडाचा भुसा. सभागृहात ओरडून सांगितलं. सगळे वळून बघायला लागले. वाटलं, खरं बोलणारा पहिल्यांदाच भेटला असेल.
रेजिस म्हणाला, तिन्ही एकच आहेत की हो. आणखी आहे का?
तिन्ही एकच होत्या. मंडळाची जुनी चाल म्हणे. चव नाही, थाप मारतो का ते बघतात. नापास झालेले लाजेने बाहेर बोलत नाहीत.
आणि ती वाईन लाकोंबच्या स्वतःच्या पिंपातली होती.
झगा रेजिसला.

संध्याकाळ
संकल्प : पुढच्या वर्षी स्वतःचं मंडळ काढणार. निळा झगा.
रेजिस झगा घालूनच जेवायला आला. बाही सुपात. म्हणाला, रागावू नका दाजी, बघा तुम्हाला बसतो का. काढून खुर्चीवर ठेवला. मी हात लावला नाही. तो बाही पुसायच्या फडक्यासाठी आत गेला तेव्हा घातला. खांद्यात घट्ट.
सोलांजने पाहिलं. माझ्या उरलेल्या सुपात वाईन ओतली. वाडगा उचलून प्यायलो. पठार की नदीकाठ, विचारलं नाही. तिनेच सांगितलं : लाकोंबची, सकाळची उरलेली. रेजिसने आणली.
वाडगा पुन्हा पुढे केला.